धोटा लागलेला डोळा

इचलकरंजीहून पन्नाशीच्या आसपासचा कुणी माणूस डोळे दाखवायला आला, की मी एक प्रश्न हमखास विचारते, "कधी धोटा लागला होता का?"

साध्या यंत्रमागावर धोटा मिनिटाला शंभरावर फेऱ्या मारतो. लाकडाचा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला, पोटात सुताची कांडी. धोट्याला टोला देणारा पिकर झिजला किंवा ताण्याचा धागा तुटून मधे गुंतला, की तो आपली वाट सोडतो आणि मागाबाहेर उडतो. दोन मागांमधल्या बोळात माणूस उभा असतो. धोटा कुणाच्या हाताला बसतो, कुणाच्या छातीला, एखाद्याच्या डोळ्याला.

माझ्या प्रश्नाला उत्तर बहुतेक असं येतं, "लागलाय की मॅडम. पर त्याला लई वर्षं झाली. बरा झालाय डोळा."

या बऱ्या झालेल्या डोळ्याबद्दलच मला लिहायचं आहे. मार लागला की डोळा लाल होतो, सुजतो, ठणकतो, आणि महिनाभरात दिसायला पहिल्यासारखा होतो. माणूस कामावर जातो, मार विसरतो. पण काही डोळ्यांच्या आत, आरशात कधीच दिसणार नाही अशा जागी, इजा राहून गेलेली असते. तिच्यामुळे काही महिन्यांनी, पाच-दहा वर्षांनी, कधी वीस वर्षांनीही डोळ्याचं प्रेशर चढू लागतं आणि डोळ्याची नस वाळत जाते. हा मारामुळे होणारा काचबिंदू. वयोमानानुसार होणाऱ्या काचबिंदूसारखाच तोही चोरपावलांनी येतो, पण तो गाठतो तो कमावत्या वयाच्या माणसांना, बहुधा एकाच डोळ्यात, आणि त्याची शस्त्रक्रिया नेहमीच्या काचबिंदूपेक्षा जास्त बिकट असते.

मध्यंतरी असेच एक यंत्रमाग कामगार जवळच्या चष्म्याचा नंबर काढायला आले होते. (त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) तुटलेला धागा जोडताना नीट दिसत नाही, एवढीच तक्रार. टॉर्च टाकला तर डावी बाहुली छान गोल, प्रकाश पडताच आकसणारी. उजवी जराशी मोठी, आळसावलेली, आणि खालच्या कडेला दोन बारीक खाचा. बाहुलीच्या कडेचा स्नायू कधीतरी फाटल्याच्या त्या खुणा होत्या. प्रेशर मोजलं. डाव्या डोळ्याचं १४, उजव्याचं ४४. निरोगी डोळ्यात ते पाऱ्याच्या मापाने साधारण १० ते २१ मिलिमीटर असतं.

"दादा, या डोळ्याला काय लागलं होतं?"

"धोटा. लगीन व्हायच्या आधी. आठवडाभर पट्टी हुती."

"नंतर कधी दाखवला?"

"चांगलं दिसत हुतं की. कशाला दाखवायचा?"

मी त्यांचा डावा डोळा झाकला. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं त्यांनी बऱ्यापैकी वाचली. मग विचारलं, मान न वळवता सांगा, डावीकडे तुमची बायको बसली आहे, ती दिसते का? ती हाताच्या अंतरावर होती. दिसत नव्हती. त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं, पुन्हा समोर पाहिलं, आणि गप्प झाले.

दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो. काचबिंदू आधी बाजूची नजर खातो, मधली शेवटपर्यंत ठेवतो. त्यामुळे एक डोळा बराचसा निकामी होईपर्यंत माणसाला पत्ताच लागत नाही.

आता हे होतं कसं, ते सांगते. डोळ्याच्या पुढच्या भागात सतत एक पाणी तयार होत असतं. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. मिनिटाला सुमारे अडीच मायक्रोलिटर, म्हणजे दिवसाला साडेतीन मिलिलिटरच्या आसपास. डोळ्याच्या रंगीत पडद्यामागे स्नायूचं एक कडं असतं, त्यावर हे पाणी झरतं, बाहुलीतून पुढे येतं, आणि जिथे रंगीत पडदा नि त्याच्यापुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, एकमेकांना मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून निचरून रक्तात जातं. जेवढं तयार होतं तेवढंच निचरलं, तर प्रेशर जागेवर राहतं.

धोटा असो, टेनिस बॉल असो, विटी असो की गुद्दा. बोथट वस्तू जोरात बसली की डोळ्याचा गोळा क्षणभर पुढून मागे चेपतो आणि बाजूंनी ताणला जातो. आतलं पाणी त्या कोनात घुसतं. स्नायूच्या कड्यातले लांब तंतू आणि गोल तंतू एकमेकांपासून फाटून सुटतात. याला आम्ही अँगल रिसेशन म्हणतो. रुग्णाला मी 'आतला कोन फाटलाय' असं सांगते. गंमत अशी वाटेल, की फाटलेल्या स्नायूमुळे पाणी अडत नाही. ते अडतं शेजारच्या जाळीत. तिलाही त्याच वेळी मार बसलेला असतो. ती वर्षानुवर्षं हळूहळू आवळत जाते, तिच्यावर व्रण धरतो, कधी कॉर्नियाच्या आतल्या थरातून एक पारदर्शक पापुद्रा पसरत येऊन तिला झाकून टाकतो. म्हणून मार आणि काचबिंदू यांच्यामध्ये इतका काळ जातो.

लंडनचे एडवर्ड ट्रेचर कॉलिन्स यांनी फाटलेल्या कोनाचं वर्णन १८९२ सालीच केलं होतं. पण त्याचा आणि पुढे होणाऱ्या काचबिंदूचा धागा नीट जुळवला तो वुल्फ आणि झिमरमन या अमेरिकी डॉक्टरांनी, १९६२ साली. दोन घटनांत सत्तर वर्षं गेली. एका माणसाच्या आयुष्यातही मार आणि त्याचा परिणाम इतके लांब पडतात, की डॉक्टरांनासुद्धा तो संबंध सहजी दिसला नाही.

कोन फाटला म्हणजे काचबिंदू होणारच, असं मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ मामरे नावाचं गाव आहे. तिथल्या चाळिशीपुढच्या लोकांची डॉक्टरांनी घरटी पाहणी केली, तिचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. गावातल्या १४.६ टक्के लोकांच्या डोळ्यात फाटलेला कोन सापडला. साधारण दर सात माणसांमागे एक! त्यांच्यापैकी काचबिंदू झालेले होते साडेपाच टक्के, आणि ज्यांचा कोन पूर्ण गोल फाटला होता त्यांच्यात आठ टक्के. अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त फाटलेला डोळा म्हणूनच आम्ही जन्मभर नजरेखाली ठेवतो. आणि दुसरा, मार न लागलेला डोळाही तपासत राहतो, कारण अशा रुग्णांच्या चांगल्या डोळ्यातही पुढे प्रेशर वाढलेलं पुष्कळदा आढळतं. निचऱ्याची जाळी मुळातच नाजूक असलेल्यांनाच हा मार जास्त भोवतो, असं दिसतं.

कोन पाहायचा तर बाहेरून दिसत नाही. बधिर करणारा थेंब टाकून, आत आरसे बसवलेलं एक भिंग डोळ्यावर टेकवावं लागतं. या तपासणीला गोनिओस्कोपी म्हणतात. दुखत नाही, पाच मिनिटांत होते. निरोगी डोळ्यात आरशात एकाखाली एक नाजूक पट्टे दिसतात, आणि अगदी तळाशी स्नायूचा राखाडी-तपकिरी अरुंद पट्टा. आमच्या या दादांच्या डाव्या डोळ्यात तो तसाच होता. उजव्यात भिंग फिरवत गेले तर खालच्या अर्ध्यात तोच पट्टा दुप्पट-तिप्पट रुंद, वरची कड ओरबाडल्यासारखी, आणि जिथे रंगीत पडद्याचे बारीक तंतू असायला हवेत तिथे तुटकी टोकं. जाळीवर काळसर रंगाचे कण जमलेले. इतक्या वर्षांपूर्वीचा धोटा कुठे आणि किती जोरात बसला होता, ते आजही तिथे वाचता येत होतं.

मार लागल्या लागल्या ही तपासणी आम्ही करत नाही. आत रक्त आलेलं असेल तर भिंगाच्या दाबाने पुन्हा रक्त सुटण्याची भीती असते. म्हणून चार ते सहा आठवड्यांनी बोलावतो. आणि नेमकं तेव्हाच लोक येत नाहीत. डोळा पांढरा झालेला असतो, दुखायचा थांबलेला असतो, एक दिवसाचा खाडा परवडत नाही. मला विचाराल तर या आजारातली सगळ्यात महाग पडणारी गोष्ट हीच न झालेली भेट आहे.

उपचार थेंबांनीच सुरू होतात. पाणी कमी तयार व्हावं किंवा दुसऱ्या वाटेने निघून जावं, यासाठी टिमोलॉल, डॉर्झोलामाइड, ब्रिमोनिडीन अशी औषधं असतात. पिलोकार्पिन हे जुनं औषध मात्र फाटलेल्या कोनात उलटण्याची शक्यता असते, ते टाळायचं. नेहमीच्या काचबिंदूत जाळीवर मारायचा लेसर इथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण जाळीच व्रणाने बुजलेली असते. दादांना तीन प्रकारचे थेंब दिले. प्रेशर ४४ वरून ३० वर आलं आणि तिथेच अडून बसलं. वाळत चाललेल्या नसेला ३० झेपत नाही. शस्त्रक्रियेचं बोलावं लागलं.

"ऑपरेशन केल्यावर दिसंल न्हवं?" बायकोने विचारलं.

हा प्रश्न प्रत्येक घरातून येतो, कारण मोतीबिंदूचं ऑपरेशन सगळ्यांनी पाहिलेलं असतं. पट्टी निघाली की आजी सुईत दोरा ओवायला लागते. काचबिंदूचं तसं नाही. डोळ्याच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. वाळलेला तंतू कुठल्याही शस्त्रक्रियेने, कुठल्याही औषधाने, कुठल्याही देशात परत जिवंत होत नाही. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, "गेलेलं परत येणार नाही, ताई. जे उरलंय ते राखायला हे ऑपरेशन आहे. उलट पहिले काही आठवडे आत्तापेक्षा धूसर दिसेल." हे आधी सांगितलं नाही, तर ऑपरेशन उत्तम होऊनही माणूस फसवला गेल्यासारखा घरी जातो आणि पुन्हा फिरकत नाही. म्हणून या बोलण्याला मी टाक्यांइतकंच महत्त्व देते.

अशा डोळ्यात पहिली निवड बहुधा ट्रॅबेक्युलेक्टॉमीची. आमच्या बोलण्यात नुसतं 'ट्रॅब', रुग्णांच्या बोलण्यात 'प्रेशरचं ऑपरेशन'. केंब्रिजच्या जॉन केर्न्स यांनी १९६८ साली ते प्रसिद्ध केलं, आणि आज अर्धशतक उलटूनही ते टिकून आहे. कल्पना साधी आहे. बुजलेल्या जाळीच्या नादी न लागता पाण्याला नवीन वाट काढून द्यायची.

डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात. माणूस जागा असतो. वरच्या पापणीखाली, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची पातळ त्वचा उचलून बाजूला करायची. खालच्या पांढऱ्या कवचात सुमारे चार मिलिमीटरचं चौकोनी झाकण कापायचं, कवचाच्या अर्ध्या जाडीचं, एका कडेला जोडलेलं. त्या झाकणाखाली आतल्या पोकळीपर्यंत मिलिमीटर-दीड मिलिमीटरचं छिद्र. छिद्रात रंगीत पडदा येऊन अडकू नये म्हणून त्याचाही एक बारीक तुकडा काढायचा. मग झाकण पुन्हा जागेवर ठेवून केसाहून बारीक नायलॉनने टाके घालायचे. सगळं कौशल्य या टाक्यांत आहे. सैल बसले तर पाणी वाहून जाऊन डोळा मऊ पडतो, घट्ट बसले तर काही केल्यासारखंच होत नाही. मी शेवटचा टाका आवळण्याआधी डोळ्यात थोडं सलाइन भरते आणि सूक्ष्मदर्शकातून झाकणाच्या कडेकडे बघत थांबते. कडेने पाण्याची अगदी बारीक ओल सुटायला हवी. धार नको, कोरडंही नको. ती ओल दिसली की वरची त्वचा शिवून घेते. पुढे त्या जागी पापणीआड एक छोटा पाणीदार फुगवटा तयार होतो, तिथून पाणी हळूहळू शरीरात शोषलं जातं.

एरवी जखम भरून आली की डॉक्टर खूश होतो. इथे आम्हाला ती पूर्ण भरलेली नको असते. ती भरली तर वाट बुजली! आणि मार लागलेल्या डोळ्याची अडचण हीच, की त्याला व्रण धरायची घाई असते. रुग्ण तरुण, त्वचेखालचा थर जाड, पूर्वीच्या इजेने सगळं चिकटलेलं. साधं ट्रॅब अशा डोळ्यात वर्ष-दोन वर्षांत बुजण्याचा धोका मोठा असतो. म्हणून झाकण कापण्याच्या सुमाराला मायटोमायसिन-सी नावाच्या औषधात भिजवलेले बारीक स्पंजाचे तुकडे दोन-तीन मिनिटं तिथे ठेवतात आणि मग जागा भरपूर पाण्याने धुतात. हे मुळात कर्करोगावरचं औषध. पेशींची वाढ रोखतं, म्हणून व्रण रोखतं. तैवानमध्ये १९८०च्या दशकात ते काचबिंदूत पहिल्यांदा वापरलं गेलं. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९३ साली फाटलेल्या कोनाच्या काचबिंदूवरच्या शस्त्रक्रियांची तुलना मांडली. साधं ट्रॅब, व्रण रोखणाऱ्या औषधासह ट्रॅब आणि पाणी बाहेर काढणारी नळी (तिच्याबद्दल पुढे सांगते), या तिन्हींत औषधासह केलेलं ट्रॅब सरस ठरलं. पण त्याच अभ्यासात धोकाही दिसला होता: औषधामुळे फुगवट्याची त्वचा पातळ राहते आणि वर्षांनंतरही तिथून जंतू आत शिरू शकतात. ट्रॅब झालेला डोळा लाल झाला, चिकट पाणी आलं, दुखला, तर रात्र असो की दिवाळी, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हे मी फाईलवर लाल पेनाने लिहून देते.

ऑपरेशननंतरचा पहिला महिना खरा कसोटीचा. दर आठवड्याला, कधी त्याहूनही लवकर यावं लागतं. टाका सैल करायचा असला तर तेव्हाच. लेसरने एक टाका तोडला की प्रेशर खाली येतं. थेंब दीड-दोन महिने. डोळा चोळायचा नाही, जड उचलायचं नाही, सुरुवातीला डोक्यावरून अंघोळ नाही. मागावरच्या माणसाला ही सुट्टी जड जाते, मालकाला पटवावं लागतं, तेवढी चिठ्ठी मी आनंदाने देते.

ट्रॅब बुजलं, डोळ्यावर आधीच दोन-तीन शस्त्रक्रिया झालेल्या असल्या, डोळ्यातलं नैसर्गिक भिंग निखळून आतला जेलीसारखा द्रव पुढे आला असला, किंवा डोळ्याचा पांढरा भाग भाजून निघाला असला, तर नळी बसवतात. चुन्याच्या बाबतीत हे भाजणं फार पाहायला मिळतं. तंबाखूबरोबरची चुन्याची प्लास्टिकची पुडी लहान मुलं दाबत खेळतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे नळाखाली धरून निदान अर्धा तास स्वच्छ पाण्याने धुणं, आणि पापणीखालचे चुन्याचे कण काढून टाकणं, दवाखाना त्यानंतर. चुना आत झिरपत जातो, जाळी जाळतो, आणि वरची त्वचा अशी आकसते की ट्रॅब करायला जागाच उरत नाही.

या नळीचा पाया घातला अँथनी मोल्टेनो यांनी, १९६०च्या दशकाच्या अखेरीला केपटाउनमध्ये. सिलिकॉनची बारीक नळी डोळ्याच्या पुढच्या पोकळीत सोडायची आणि तिचं दुसरं टोक डोळ्याच्या मागच्या अंगाला शिवलेल्या एका चकतीवर आणायचं. पाणी त्या चकतीभोवती जमतं आणि शोषलं जातं. आज आपल्याकडे दोन प्रकार जास्त चालतात. १९९३ साली आलेल्या अहमद नळीला आत पडद्यांची झडप असते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला आलं की आपसूक उघडतात आणि उतरलं की मिटतात, तसंच या झडपेचं. आठ-दहाच्या पुढे प्रेशर गेलं की ती उघडते. दुसरी नळी आपल्या देशातली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने २०१३च्या सुमारास ती आणली. तिला झडप नाही, म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी नळीला विरघळणाऱ्या दोऱ्याची गाठ मारतात. चकतीभोवती कवच धरायला पाच-सहा आठवडे लागतात, तोवर गाठ आपोआप सुटते. आयात नळीच्या मानाने तिची किंमत अगदी थोडी. ही नळी आली नसती, तर माझ्याकडे येणाऱ्या कित्येक कुटुंबांना मला दुसरा पर्याय सांगता आला नसता, हे मी कृतज्ञतेने लिहिते.

नळी कॉर्नियाच्या कडेशी आत शिरते तिथे नुसत्या त्वचेखाली ठेवली तर कालांतराने त्वचा झिजून ती उघडी पडते आणि जंतूंना दार मिळतं. म्हणून तिच्यावर पांढऱ्या कवचाचा एक छोटा तुकडा शिवतात. हा तुकडा कुठून येतो? मरणोत्तर नेत्रदानातून. कॉर्निया एखाद्या अंध माणसाला बसवला जातो, आणि उरलेलं पांढरं कवच जपून ठेवून अशा नळ्यांवर घालतात. नेत्रदानाच्या फलकावर हे लिहिलेलं नसतं, पण एका दात्याचे डोळे असे काचबिंदूच्या रुग्णांच्याही कामी येतात.

जिथे नजर जवळजवळ गेलेली आहे पण प्रेशरने डोळा ठणकतो आहे, तिथे डायोड लेसरने पाणी तयार करणारं कडंच थोडं जाळतात. पाणी कमी, प्रेशर कमी, दुखणं कमी. तो शेवटचा उपाय. डोळा मऊ पडून आक्रसण्याचा धोका त्यात असतो.

हे सगळं उशिरा होणाऱ्या काचबिंदूबद्दल झालं. मार लागल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातही प्रेशर चढू शकतं, आणि तिथे दिवस मोजून निर्णय घ्यावा लागतो. चेंडू लागलेल्या मुलाच्या डोळ्यात रंगीत पडद्यापुढे रक्त साठतं. बहुतेक वेळा ते आपोआप जातं. डोकं उशांवर उंच ठेवून विश्रांती, डोळ्यावर दाब न देणारं कडक झाकण, डॉक्टरांनी दिलेले थेंब, आणि ॲस्पिरिन अजिबात नाही. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत पुन्हा रक्त सुटण्याची भीती सर्वांत जास्त, म्हणून तेव्हा रोज तपासायचं. औषधं देऊनही प्रेशर पन्नासच्या वर पाच दिवस किंवा पस्तिसाच्या वर आठवडाभर राहिलं, किंवा कॉर्नियात रक्ताचा डाग उतरायला लागला, तर बारीक छेदातून सलाइन सोडून रक्त धुऊन काढावं लागतं. भिंग फुटलं किंवा निखळून पुढे आलं, तर ते काढल्याशिवाय प्रेशर उतरत नाही.

विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल पुष्कळ आहे. सिकलसेलच्या मुलाच्या डोळ्यात रक्त आलं तर वर दिलेले आकडे चालत नाहीत. विळ्याच्या आकाराच्या पेशी जाळीत अडकून बसतात आणि नसेचा रक्तपुरवठाही लवकर तुटतो. तिथे प्रेशर २४ च्या वर एक दिवस राहिलं तरी रक्त धुऊन काढण्याचा विचार करावा लागतो, आणि एरवी प्रेशर उतरवायला बिनधास्त दिली जाणारी ॲसिटाझोलामाइडची गोळीही त्रासाची ठरू शकते. घरात कुणाला सिकलसेल असेल तर डोळ्याच्या डॉक्टरांना ते सांगायलाच हवं. डोळ्याचा आणि रक्ताच्या आजाराचा काय संबंध, असं वाटून लोक बोलत नाहीत.

आणखी एक. मार लागलेल्या डोळ्याला सूज उतरवायला आम्ही स्टेरॉइडचे थेंब देतो, ठरावीक दिवसांसाठी. आराम पडला म्हणून तीच बाटली मेडिकलमधून पुन्हा पुन्हा आणून महिनोन् महिने घालणारे पुष्कळ आहेत. या थेंबांनीच काही लोकांचं प्रेशर वाढतं. आधीच फाटलेला कोन, त्यावर हे. डोळ्याचं औषध संपलं की चिठ्ठी दाखवून विचारल्याशिवाय दुसरी बाटली आणू नका.

आमच्या दादांचं ट्रॅब झालं. मायटोमायसिन वापरलं, नंतर एक टाका लेसरने तोडावा लागला. आता प्रेशर थेंबांशिवाय १२-१३ असतं. नजर होती तेवढीच आहे, म्हणजे समोरचं दिसतं, बाजूचं नाही. ते मागावर परत गेले, पण उजवीकडून येणाऱ्या माणसाला जपून, मान वळवत. दर तीन महिन्यांनी येतात. त्यांच्याबरोबर दोनदा त्यांच्या कारखान्यातले दुसरे कामगारही आले, त्यांतल्या एकाच्या डोळ्यात कोन फाटलेला सापडला. प्रेशर अजून नॉर्मल आहे. असा रुग्ण पाहिला की मला मनापासून बरं वाटतं. त्याच्यासाठी करण्यासारखं सगळं अजून हातात आहे.

कामावर डोळ्याला इजा झाली तर त्या दिवसाचे कागद, दवाखान्याची चिठ्ठी, मालकाला दिलेली सूचना, सगळं जपून ठेवा. कामावरच्या इजेच्या भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात, दुसरा डोळा चांगला असताना एका डोळ्याची दृष्टी गेली तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरलेलं आहे. काचबिंदू दहा वर्षांनी उभा राहतो, तेव्हा तो त्या माराचाच आहे हे दाखवायला जुना कागदच लागतो. ईएसआयचं कार्ड असेल तर तिथे, नाहीतर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटून, शस्त्रक्रिया योजनेत बसते का ते विचारा. पैशांपायी ऑपरेशन पुढे ढकलू नका, कारण वाट पाहण्यात गेलेली नजर नंतरच्या पैशांनी मिळत नाही.

आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्याही डोळ्याला कधीकाळी जोराचा मार लागला असेल, विटी असो, चेंडू असो, सुतळी बॉम्ब असो, धोटा असो, तर आज एक डोळा झाकून दुसऱ्याने आणि मग उलट, असं समोर बघा. काही फरक जाणवला नाही तरी येत्या महिन्यात डोळ्याच्या डॉक्टरांकडे जा, त्यांना त्या माराबद्दल सांगा आणि प्रेशर तपासून कोनही बघा असं म्हणा. सगळं ठीक निघालं तर वर्षातून एकदा, जन्मभर, तेवढंच पुन्हा करायचं.